ड्रायव्हर दादा, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले

दादा, नमस्कार. रामकृष्णहरी.

तुम्ही म्हणाला होतात ना की मोबाईलवरचं सगळं बारावीतली मुलगीच वाचून दाखवते, तर हे पण तिच्याकडूनच वाचून घ्या. त्या रात्री पुण्यात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते, सगळे पेंगुळलेले, सामान उतरवायची घाई, आणि तुम्हाला परत फिरायचं होतं. आजीने तेवढं तुमच्या हातावर दही ठेवलं. मला बोलायचं होतं ते राहिलंच.

आमची ट्रिप आजीसाठी होती. तिचं सहस्रचंद्रदर्शन झालं आणि तिने एकच मागणं मागितलं, ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तो नेवाशाचा खांब बघायचाय आणि सगळी पोरं सोबत हवीत. आयुष्यभर ज्ञानेश्वरीची पारायणं केली पण नेवासा राहिलेलं. मग आत्या इंदूरहून आली, काका नाशिकहून, चुलत भाऊ सुट्टी काढून बंगलोरहून, असे लेकराला धरून आम्ही सोळा जण सात वर्षांनी एकत्र. आणि एप्रिलचा शेवट! माझी लेक वीस महिन्यांची. घरात दोन-तीन जणांनी मला स्पष्टच सांगितलं होतं की तू राहा मागे, एवढ्या उन्हात लेकराचे हाल आणि तिच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा. मला ते फार लागलं होतं दादा, त्यामुळे गाडीत बसले तेव्हाच मी रडवेली होते.

त्यात नगर यायच्या आधीच तिने सीटवर भडाभडा ओकारी काढली. मी नुसती सॉरी सॉरी करत बसले आणि तुम्ही गाडी झाडाखाली घेतली, सीटचं कव्हर काढलं, कॅनमधलं पाणी घेऊन स्वतः धुतलंत, वर मला म्हणालात, "ताई, लेकरू हाय, होतंच. माऊलीला आधी वारं लागू द्या." पहिल्या दिवसापासून तिचं नाव तुमच्यासाठी माऊलीच. आणि मग तुम्ही काकांना बसवून सगळा प्लॅनच बदलला. तिच्या झोपेच्या वेळी गाडी चालवायची, ती जागी असेल तेव्हा उतरायचं, बारा ते चार कुठल्याही दगडावर पाय ठेवायचा नाही. आम्ही महिनाभर ग्रुपवर एक्सेल शीट घेऊन भांडत होतो, हे कुणाला सुचलं नव्हतं.

नेवाशाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आजी त्या पैसाच्या खांबापाशी बसली, हात लावला आणि कितीतरी वेळ बोललीच नाही. मग तिने "शके बाराशे बारोत्तरे" म्हणायला सुरुवात केली, म्हणजे 1290 साल, ज्ञानेश्वर माऊली इथे टेकून सांगत होते आणि सच्चिदानंद बाबा लिहून घेत होते. आणि नेमकी तेव्हाच माझी लेक जोरजोरात ओरडायला लागली, आवाज घुमतो हे तिला कळलं होतं ना. कुणीतरी मागून म्हणालं, घेऊन जा तिला बाहेर. मी उचलणार तेवढ्यात तुम्ही हात जोडून म्हणालात, "राहू द्या की. ज्यांनी हे सांगितलं ते तरी कुठं मोठे होते, पंधरा वर्षांचे होते." सगळे गप्प. आजीने तिला मांडीवर घेतलं आणि पसायदान पूर्ण केलं, लेकीचा हात खांबावर ठेवून. माझ्याकडे तो फोटो आहे, पण त्यात तुम्ही नाही याचं फार वाईट वाटतं.

संभाजीनगरला बुक केलेल्या लॉजने आजीला दुसऱ्या मजल्यावरची खोली दिली, लिफ्ट बंद. तिचे गुडघे बघून तुम्ही रात्री नऊला ओळखीच्या माणसाकडे तळमजल्याच्या खोल्या मिळवून दिल्यात. तो विषय तिथेच संपला, पण आजी अजून सांगते.

वेरूळला सकाळी दार उघडायच्या आधीच नेऊन उभं केलंत. मंगळवारी लेणी बंद असतात म्हणून वार पण तुम्हीच तपासून ठेवला होता. सोळा नंबरचं कैलास लेणं, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेला, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातला, आठव्या शतकातला. पुस्तकात शंभर वेळा वाचलेलं. पण दादा, तुम्ही लेकीला खांद्यावर घेतलंत आणि म्हणालात "ताई, तुम्ही बघून या निवांत", आणि मी आईचा हात धरून त्या हत्तींच्या रांगेपाशी उभी राहिले. वीस महिन्यांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात मोकळे होते. आई आणि मी काहीच बोललो नाही, नुसत्या वर बघत राहिलो. मग दहा नंबरच्या सुताराच्या लेण्यात, जिथे दगडाचं छत लाकडी वाशांसारखं कोरलंय, तिथे बुद्धासमोर तुम्हीच तिला ओरडू दिलंत आणि तिचा आवाज परत आला तशी ती खदखदून हसली. घृष्णेश्वरला पुरुष मंडळी शर्ट काढून गाभाऱ्यात रांगेत, आत सगळी गर्दी, आणि तुम्ही बाहेर तिला काकडी भरवत बसलेले. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं ते देऊळ आम्हा सोळांपैकी पंधरा जणांना नीट बघता आलं.

पैठणचं मात्र मला सांगायचंच आहे. उशीर झाला होता, बारा वाजायला आले होते, चूक आमचीच, पैठणी बघण्यात वेळ गेला. गावातल्या संत एकनाथांच्या वाड्यात श्रीखंड्या, म्हणजे त्यांच्या घरी गडी बनून राहिलेला देव, ज्यात पाणी भरायचा तो रांजण बघितला आणि मग घाटावर. लेकीने बूट कधी भिरकावले कळलंच नाही, माझा हात सोडून ती गोदावरीकडे धावली आणि तापलेल्या दगडावर मध्येच थांबून किंचाळली. मी पोचायच्या आधी तुम्ही पोचलात. चपला काढून ठेवल्या होत्या तुम्ही, अनवाणीच पळालात, तिला उचललंत आणि सावलीत नेऊन तिच्या पायांवर पाणी ओतलंत. तुमचे तळवे लाल झालेले मी नंतर बघितले.

आजी तिथेच पायरीवर बसली आणि तिला रडू आलं. नाथांची ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली, याच गोदेच्या तापलेल्या वाळवंटात अस्पृश्य मानलेल्या घरातलं एक पोर वाट चुकून रडत होतं, आणि नाथ स्नान करून येत होते, त्यांनी मागचापुढचा विचार न करता ते उचलून कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं. आजी तुम्हाला एवढंच म्हणाली, "गोष्ट ऐकली होती, आज बघितली." तुम्ही मान खाली घालून गाडीकडे गेलात.

आपेगावला, ज्ञानेश्वरांच्या गावी, लेक झोपली होती तर तुम्ही लिंबाखाली एसी चालू ठेवून तासभर थांबलात, डिझेल तुमचंच. शेवटी काकांनी जास्तीचे पैसे पुढे केले तर तुम्ही हात मागे घेतलात.

आणि मग आठ दिवसांनी ओळखीच्या गाडीवाल्याकडून पार्सल आलं. सीटखाली सापडलेला तिचा एक बूट, धुऊन, आणि सोबत वहिनींनी केलेले शेंगदाण्याचे लाडू. लाडू आजीने सगळ्यांना एकेक वाटला. बूट आता तिला होत नाही, तरी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलाय. आषाढीला तुम्ही दिंडीसोबत पुण्यातून जाणार म्हणाला होतात ना, तर मुक्कामाच्या दिवशी जेवायला आमच्याकडेच या, वहिनींना आणि मुलीलाही घेऊन. लेक आता बोलायला लागलीये. कुठलीही टेम्पो ट्रॅव्हलर दिसली की "दादा" म्हणते.