बोवी सुरा आणि गुलामांचा बाजार

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील बोवी सुऱ्यावरचा लेख वाचला. लांब-रुंद पाते, टोकाजवळ पाठीला दिलेली आत वळणारी छाट, हाताचा पंजा बचावणारी आडवी पट्टी यांचे वर्णन त्यात नेटके उतरले आहे. मात्र ज्याचे नाव या सुऱ्याला लागले, त्या जेम्स बोवीला लेखाने सरहद्दीवरचा निधड्या छातीचा वीर एवढ्यावरच सोडून दिले. ती सरहद्द कोणाच्या जिवावर उभी राहिली, याबद्दल लेखात अवाक्षर नाही, आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतल्या नॅचेझजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर झालेले द्वंद्व मुळात बोवीचे नव्हतेच. सॅम्युएल वेल्स आणि डॉ. थॉमस मॅडॉक्स यांनी एकमेकांवर दोन-दोन गोळ्या झाडल्या, कोणालाही इजा झाली नाही आणि दोघांनी हात मिळवून वाद मिटवला. त्यानंतर त्यांच्या साथीदारांतच जुंपली. गोळ्या लागून कोसळलेल्या बोवीच्या छातीत नॉरिस राइटने गुप्ती खुपसली, तेव्हा बोवीने त्याला खाली ओढून आपल्या सुऱ्याने ठार केले. ठासणीचे पिस्तूल एकदा उडाले की भरेपर्यंत निरुपयोगी, त्यामुळे अशा हातघाईत सुराच कामाचा ठरे. वृत्तपत्रांनी हा प्रसंग उचलून धरला आणि बोवीसारखा सुरा मागणाऱ्यांची रीघ लागली.

आपल्या लेखातील चित्रात दाखवलेला सुरा मात्र त्या दिवशी बोवीच्या हातात असण्याचा संभव कमी आहे. त्याचा थोरला भाऊ रेझिन बोवी याने ऑगस्ट १८३८ मध्ये एका वृत्तपत्राला पत्र लिहून पहिला सुरा आपण लुइझियानात शिकारीसाठी तयार केल्याचे सांगितले होते. त्याने दिलेली मापे सव्वानऊ इंच लांबी आणि दीड इंच रुंदी अशी आहेत. धार एकाच बाजूला आणि पाते सरळ. बोवीचा सुरा आपण घडवला, ही आर्कान्सामधील लोहार जेम्स ब्लॅक याची कथा त्याच्या म्हातारपणीच्या, दृष्टी गेल्यानंतरच्या आठवणींवर उभी आहे, तेव्हा तिला लेखकाने सिद्ध इतिहासाचा मान द्यायला नको होता.

मला अधिक खटकले ते पुढचे मौन. अमेरिकेने १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी घातली होती. तिसरा भाऊ जॉन याने १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हकिकतीनुसार, बोवी बंधू समुद्री लुटारू जाँ लाफीत याच्याकडून एका पौंड वजनाला एक डॉलर या भावाने गुलाम विकत घेत. माणसे तोलून घ्यायची, सरासरी १४० डॉलरना एक! मग त्यांना अमेरिकेच्या हद्दीत आणून जकात अधिकाऱ्यांच्या हवाली करायचे आणि खबऱ्या म्हणून स्वतःचेच नाव पुढे करायचे. पकडलेल्या गुलामांचा सरकारी लिलाव होई, आणि कायद्याने त्या रकमेतला अर्धा वाटा खबऱ्याला मिळत असे. लिलावात बोली लावून हे भाऊ तीच माणसे पुन्हा विकत घेत, निम्मी रक्कम बक्षीस म्हणून परत मिळवत आणि सरकारी विक्रीचा कागद हाती आला की त्यांना राजरोस विकायला मोकळे होत. या धंद्यात ६५ हजार डॉलर कमावल्याचे जॉनने कोणताही संकोच न बाळगता नोंदवले आहे. बंदीचा कायदाच ज्यांनी तस्करीचे साधन करून टाकला, त्यांच्यापैकी एकाचे शौर्य गाताना ही हकिकत वगळणे मला तरी न्याय्य वाटत नाही. लुइझियाना आणि आर्कान्सामधील स्पॅनिश काळातील बनावट जमीनपट्ट्यांचा बोवीचा व्यवहारही याच जातकुळीचा होता.

६ मार्च १८३६ रोजी टेक्सासमधील अलामोच्या, मेक्सिकोच्या फौजेविरुद्धच्या लढाईत बोवी मारला गेला आणि त्याच्या नावाभोवती वलय निर्माण झाले. पण त्या काळच्या समाजाला या सुऱ्याचे केवळ कौतुक होते असे नाही. अलाबामाने १८३७ मध्ये अशा प्रत्येक सुऱ्याच्या विक्रीवर १०० डॉलर कर बसवला, आणि अचानक उद्भवलेल्या झटापटीत त्याने कोणाचा जीव घेतला तरी तो पूर्वनियोजित खूनच मानावा, असे ठरवले. टेनेसीने १८३८ मध्ये विक्रीच बंद केली. त्याआधी डिसेंबर १८३७ मध्ये आर्कान्साच्या विधिमंडळात चालू सभागृहात अध्यक्ष जॉन विल्सन यांनी एका सदस्याला बोवी सुऱ्यानेच ठार केले होते. सभागृहाने त्यांना काढून टाकले, न्यायालयातून मात्र ते सुटले.

सुऱ्याला आज ओळखीचे असलेले देखणे रूप मिळण्यात इंग्लंडमधील शेफिल्डच्या कारखान्यांचा वाटा फार मोठा आहे. तिथून जहाजे भरून सुरे अमेरिकेला जात आणि गिऱ्हाईक पाहून पात्यांवर घोषवाक्ये कोरली जात. गुलामीविरोधी चळवळीला मृत्यू चिंतणारी पातीही त्यांत होती, आणि ब्रिटनने स्वतःच्या वसाहतींतील गुलामी १८३३ च्या कायद्याने रद्द ठरवलेली असूनही हा व्यापार चालू राहिला.

लेखाचा उत्तरार्ध पुढील रविवारी येणार असल्याचे आपण कळवले आहे. त्यात जॉन बोवीची हकिकत आणि अलाबामा-टेनेसीचे कायदे यांना जागा द्यावी, तसेच ब्लॅकच्या कथेबाबत खुलासा छापावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
सातारा