अनारशांची कृती ऋतू पाहून छापावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या पाककृतींत अनारशांची कृती बहुधा चार ओळींत उरकलेली असते आणि मग तुपात अनारसा हसला, म्हणजे फुटून पसरला, की दोष करणारीच्या हाताला दिला जातो, याचे वाईट वाटते. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलावे, हे सगळेच लिहितात. परंतु दिवाळीच्या कोरड्या हवेत पंच्यावर पसरलेले तांदूळ आणि पावसाळी अधिक महिन्यातले तांदूळ सारख्या वेळात वाळत नाहीत, हे क्वचितच सांगितले जाते. २०२३च्या अधिक श्रावणात जावयाच्या वाणासाठी ३३ अनारसे करणाऱ्यांना नेमके हेच हवे होते. तांदूळ हाताला दमट लागावेत, पण चिकटू नयेत. ओल जास्त राहिली, तर गूळ मिसळल्यावर पीठ सैल पडते. अशा वेळी थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळून आधी एकच अनारसा तळून पाहावा, खसखशीची बाजू वर ठेवावी, तो उलटू नये आणि मंद आचेवर झाऱ्याने वरून तूप सोडत राहावे. आपल्या पुरवणीने घरोघरच्या जाणत्या स्त्रियांकडून असे ऋतुमानाचे बारकावे मागवून प्रत्येक कृतीसोबत छापावेत, ही आग्रहाची विनंती.

आपली नियमित वाचक,
सातारा