गणवेशाचं काम कोकणातल्या शिलाई युनिटना द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोरोनात अडचणीत आलेल्या उद्योगांच्या बँककर्जाला सरकारने हमी द्यायची, ही तातडीची कर्जहमी योजना. 1 फेब्रुवारी 2022 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिची मुदत मार्च 2023 पर्यंत वाढली. हमीची रक्कमही 50 हजार कोटींनी वाढून 5 लाख कोटी झाली, पण ही वाढ फक्त हॉटेल आणि तत्सम व्यवसायांसाठी. त्यांचे हाल झाले हे खरंच आहे, त्यांना जरूर मिळावं. पण छोट्या शिलाई युनिटनी कुठे जायचं?

या योजनेत कर्ज मिळायचं ते ठरलेल्या तारखेला ज्याच्या नावावर आधीच बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं कर्ज होतं त्यालाच. आमच्याकडची दहा-पंधरा मशीनची युनिटं घरचं सोनं मोडून, नाहीतर बचत गटाच्या पैशातून उभी राहिलेली. ती या हिशेबात बसलीच नाहीत. आणि समजा मिळालं कर्ज, तर फेडायचं कशातून? टाळेबंदीआधी मुंबईला पाठवलेल्या मालाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेत आणि हातात ऑर्डर नाही.

2020 च्या पावसाळ्यात शेड बंद होती. आपल्याकडची दमट हवा! कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनचे लूपर (धागा गुंफणारे भाग) गंजले, कटिंग टेबलावर अंथरलेल्या कापडाला बुरशी धरली. मशीन तेलपाणी करून चालू होते, पण शिकलेला हात गेला की गेला. बटणं लावायला कुणीही चार दिवसांत शिकते. शर्टाची कॉलर दोन्ही टोकांना सारखी बसायला मात्र महिने जातात. अशा हातांच्या बायका आज काजूच्या कारखान्यात आहेत, काही गोव्यात. उरल्या त्यांना एसटीच्या 2021-22 च्या संपात रिक्षाने यावं लागलं आणि पीसवर मिळणारी निम्मी मजुरी भाड्यातच गेली.

आम्हाला आत्ता कर्जापेक्षा काम हवंय, आणि ते सरकारच्या हातात आहे. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून 2022 मध्ये सरकारी शाळांतल्या पात्र मुलांच्या दोन गणवेशांसाठी दर मुलामागे 600 रुपये मिळत. हे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे येत. बरेचदा जून उजाडल्यावर धावपळ होते आणि घाटावरून तयार माल आणला जातो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांनी यंदा मार्चमध्येच तालुकावार मापं आणि संख्या जाहीर करावी, समित्यांनी तालुक्यातल्याच युनिटना आणि बचत गटांना काम द्यावं. इचलकरंजीहून कापड रोखीने आणावं लागतं, म्हणून निम्मी रक्कम आगाऊ मिळावी. शिलाई कच्ची निघाली तर माल खुशाल परत करा, आम्ही पुन्हा शिवून देऊ.

बाकीचं बिल 45 दिवसांच्या आत चुकतं करावं. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्याने ही मुदत घालून दिलेलीच आहे. एवढं झालं तर काजूकडे गेलेल्या बायकांना मी एप्रिलमध्येच परत बोलावू शकेन.

– एक शिलाई युनिटचालक, कुडाळ (सिंधुदुर्ग)