13 चा सेट सरसकट सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अकूस्टिक गिटारचा आवाज कसा सुधारायचा यावर लेख आला होता. मी तो दोनदा वाचला, कारण मराठी पेपरात या विषयावर सहसा कोणी लिहित नाही, त्यामुळे आधी आभार मानतो आणि मग भांडतो. लेखात एक वाक्य आहे की आवाज बारीक येत असेल तर सरळ तारांचा 13 चा सेट टाका, गिटार दणदणीत वाजेल. हे वाचून परवा आमच्याच बिल्डिंगमधला बारावीतला मुलगा आला, काका मागवू का म्हणून. त्याची गिटार बघितली तर साधी प्लायची, ब्रिजच्या (तारा खाली अडकतात त्या लाकडी पट्टीच्या) मागे टॉप, म्हणजे पुढची फळी, आधीच फुगलेला. म्हटलं थांब बाबा, आधी पेपरला पत्र टाकतो.

मी कोणी मोठा वादक नाही. रत्नागिरीत राहतो, बँकेत नोकरी केली, 25 एक वर्षं गिटार वाजवतोय ती घरच्यांना सहन होईल इतपत. पण तारांच्या बाबतीत पैसे घालवून शिकलोय.

आधी हा आकडा काय ते सांगतो, कारण लेखात ते राहूनच गेलंय. 13 म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी 0.013 इंच. दुकानात साधारण चार सेट दिसतात, 10-47, 11-52, 12-53 आणि 13-56, पहिला आकडा बारीक तारेचा आणि दुसरा वरच्या जाड तारेचा. जाड तार त्याच सुरावर आणायची तर जास्त ताणावी लागते, एवढं तर कुणालाही कळेल. पण किती जास्त ते ऐका. नेहमीच्या ट्यूनिंगला 10 चा सेट मिळून 60 किलोच्या आसपास ओढतो, 12 चा 70 ते 75, आणि 13 चा 80 च्या पुढे. म्हणजे एक मोठा माणूस चोवीस तास त्या ब्रिजला लटकलाय असं समजा, आणि तो ब्रिज बहुतेक वेळा नुसत्या ग्लूवर चिकटलेला असतो. ज्या गिटारची बांधणी तेवढ्यासाठी केलीय तिला 13 चा सेट खरंच खुलतो, त्यात वाद नाही, मोठ्या बॉडीची ड्रेडनॉट असेल आणि हात भक्कम असेल तर काय आवाज येतो! पण ते सगळ्यांना कशाला सांगायचं?

माझी स्वतःची चूक सांगतो. मामेभावानं बाहेरून एक क्लासिकल गिटार आणून दिली होती, नायलॉनच्या तारांची. एक तार तुटली म्हणून दुकानात नेली (दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस चांगला होता, त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं), त्यानं म्हटलं नायलॉनला आवाज कुठे असतो, स्टीलच्या टाकतो, बघा कशी वाजते ते. आणि वाजली हो! आठ दिवस मी घरभर वाजवत फिरलो. नायलॉनचा अख्खा सेट 40 किलोच्या आसपास ओढतो आणि त्या गिटारच्या पोटातल्या पट्ट्या तेवढ्याच हिशोबानं पंख्यासारख्या पसरून लावलेल्या असतात, स्टीलच्या गिटारला आतून इंग्रजी एक्सच्या आकाराच्या जाड पट्ट्या असतात, हे मला नंतर कळलं. चार महिन्यांनी एप्रिलच्या भर दुपारी कोणी हातही लावला नसताना फाडकन आवाज आला, आम्हाला वाटलं मांजरानं काही पाडलं. बघतो तर ब्रिज टॉपचं थोडं लाकूड घेऊन निघालेला आणि तारांना लोंबकळतोय.

म्हणून लेखात पहिलं वाक्य हे हवं होतं की आधी गिटार कुठली ते बघा. ब्रिजला तारा गाठ मारून बांधल्या असतील, नेक (बोटं फिरतात ती दांडी) रुंद असेल आणि डोक्याकडे दोन लांब खाचा असतील तर ती जवळजवळ नक्की क्लासिकल, तिला नायलॉनच. ब्रिजमध्ये सहा खुंट्या म्हणजे पिना ठोकलेल्या असतील तर स्टीलची. शंका असेल तर मोबाईलचा टॉर्च आणि बायकोच्या पर्समधला छोटा आरसा घेऊन साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या गोल भोकातून, आत बघा, पट्ट्या दिसतात.

आमची बहीण गाणं शिकली, तिचा तंबोरा घेऊन मी मिरजेला दोन-तीनदा गेलोय. तिथे कारागीर आधी विचारतो सूर कुठला, काळी एक की काळी पाच, गाणार कोण, आणि मगच कुठल्या नंबरची तार लावायची ते ठरवतो. खर्जाला पितळेची, बाकीच्यांना पोलाद, मग जवारी, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडीची घासणी. तारा आधी आणि गाणारा नंतर असं तिथे कोणी करत नाही. गिटारच्या दुकानात मात्र आपण आत शिरून पाकिटाचा रंग बघतो आणि भारी ब्रँड द्या म्हणतो. मला वाटतं गिटारलाही तोच प्रश्न विचारायला पाहिजे, की तू कशी, तुला वाजवणारा कसा, स्ट्रमिंग करतो (सगळ्या तारांवर एकदम हात फिरवतो) की बोटांनी वाजवतो, आणि गळा कुठल्या सुरात. हा सुराचा मुद्दा किरकोळ नाही. अख्खी गिटार अर्धा सूर खाली लावली तर ताण सुमारे 11 टक्के कमी होतो, म्हणजे 12 चा सेट जवळपास 11 च्या सेटइतकाच ओढतो, पण तार जाड असल्यानं आवाज भरलेला येतो. मी गेली कित्येक वर्षं असंच करतो, माझा गळाही तेवढाच आहे, आणि कोणाबरोबर वाजवायचं असेल तर पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांतली पहिली) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावला की सूर परत वर येतो, काम झालं.

आता धातूचं. लेखात ब्राँझ तारा घ्या असं लिहून विषय संपवलाय. दुकानात दोन प्रकार असतात. एक 80/20, त्यात 80 टक्के तांबं आणि 20 टक्के जस्त, म्हणजे नाव ब्राँझ पण माल पितळ, आजीच्या घागरीच्याच खानदानातला. दुसरा फॉस्फर ब्राँझ, त्यात 92 टक्क्यांच्या आसपास तांबं, बाकी कथील आणि नावापुरता फॉस्फरस, तो डॅडॅरिओ कंपनीनं 1974 मध्ये गिटारसाठी आणला. पण एक गंमत कोणी सांगत नाही, की हे ब्राँझ फक्त वरच्या चार जाड तारांवर गुंडाळलेलं असतं, आत गाभा पोलादाचाच, आणि खालच्या दोन बारीक तारा दोन्ही सेटमध्ये साध्या पोलादाच्याच असतात. तेव्हा बारीक तारा किरकिरतात म्हणून फॉस्फर ब्राँझ घेणाऱ्यानं आधी प्लेक्ट्रम (तारा छेडायची छोटी चकती) बदलून बघावा, 20-30 रुपयांत होतं. पातळ प्लेक्ट्रमनं जो टकटक आवाज येतो तो जाड घेतला की बराच जातो.

मी दोन्ही सेट माझ्या एकाच गिटारवर, एकाच खोलीत, फोन त्याच स्टुलावर ठेवून रेकॉर्ड केले. 80/20 पहिल्या आठवड्यात नुसता लखलखतो, अगदी नव्या भांड्यासारखा, मग पटकन मावळतो. फॉस्फर ब्राँझ सुरुवातीला जरा मवाळ वाटतो पण बरेच दिवस तसाच राहतो. माझी गिटार लहान बॉडीची आणि मुळातच तिखट, तिला फॉस्फर ब्राँझ बरा. मित्राची मोठी ड्रेडनॉट, खर्जात नुसती घुमते, शब्द ऐकू येत नाहीत, तिला आम्ही 80/20 लावला तर एकदम मोकळी झाली. आता त्याच्यासाठी चांगला सेट कुठला आणि माझ्यासाठी कुठला, एकच उत्तर कसं देणार?

आणि कोकणातला माणूस म्हणून सांगतो, आमच्याकडे धातूपेक्षा हवा मोठी. खारी हवा आणि जूनपासूनची ओल, त्यात घामाचे हात, इथे साधा सेट पावसाळ्यात महिन्याभरात मरतो. गुंडाळीच्या फटीत घाम, मळ, मेलेली कातडी जाऊन बसते, तार जड होते आणि सगळीकडे सारखी जड होत नाही, म्हणून मोकळी तार सुरात आणि बाराव्या फ्रेटवर बेसूर असं व्हायला लागतं, पोरं बिचारी ट्यूनर आणि नेकला शिव्या घालतात. इथे मात्र कोटेड तारा घ्या असं मी सांगेन. एलिक्सर 1997 मध्ये आल्या, रेनकोटचं गोर-टेक्स कापड बनवणाऱ्या गोर कंपनीच्या, त्यावर नॉनस्टिक तव्याच्या जातीचा पातळ थर असतो. दुप्पट-तिप्पट पैसे पडतात आणि नव्या तारेची धार थोडी कमी असते, पण माझ्याकडे त्या पावसाळा काढतात. पुण्या-नाशकात कोरड्या दिवसांत एवढी गरज नाही. तिथे वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा पुसा, वरून आणि खालूनही, आणि वाजवायच्या आधी हात धुवा. वडापाव खाऊन गिटार धरणाऱ्यांनी तर नक्कीच!

एक राहिलं, आपल्याकडे तुटली तेवढीच तार आणायची सवय आहे. पाच मेलेल्या आणि एक नवी, मग ती एकटीच ओरडते आणि आपण म्हणतो तार खराब निघाली. शक्य असेल तर सेट एकत्र बदला, आणि सगळ्या तारा एकदम न काढता एकेक बदला, नेक शांत राहतो. नवा सेट दोन दिवस सुरातून उतरत राहतो, घाबरू नका.

त्या बारावीतल्या मुलाला मी शेवटी माझ्याकडचा 11 चा सेट लावून दिला आणि प्लास्टिकचा सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी) काढून हाडाचा घासून बसवला, त्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली. आवाज किती सुधारला ते त्याच्या आईला विचारा, ती म्हणाली काका आता हा झोपतच नाही.

तर विनंती एवढीच की त्या 13 च्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा, दोन ओळी पुरे. माझ्या क्लासिकलचा उखडलेला ब्रिज, टॉपच्या ढलपीसकट, अजून कपाटात आहे. सोबत छापायला फोटो हवा असेल तर काढून पाठवतो.

आपला,
एक जुना वाचक, रत्नागिरी