ताई, ती कथा आमच्याच दारात होती

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो तर "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदललात. म्हणून हे उघड पत्र.

अनंत चतुर्दशी झाली की आमच्या दिवाळी अंकाकडे साहित्याचा ओघ सुरू होतो. यंदा मेलच येईनात. मी सर्व्हर रीस्टार्ट केला की थोडे यायचे, मग पुन्हा शुकशुकाट. लेखक फोन करून विचारायचे, "आठवडा झाला पाठवून, पोचलं ना?" एका ज्येष्ठ कथाकारांची कथा नातवाने टाइप करून पाठवली होती. सहाव्या दिवशी इंग्रजी मजकुरासह ती परत गेली आणि त्यांनी ते 'साभार परत' समजलं. "नापसंत होती तर दोन ओळी लिहायच्या होत्या," एवढंच म्हणाले. त्या रात्री मला झोप लागेना, तेव्हा तुम्हाला फोन लावला.

तुमचं पहिलं वाक्य होतं, "काही रीस्टार्ट करू नका, काही पुसू नका. आधी लॉग वाचू." कीबोर्ड माझ्याच हातात ठेवून तुम्ही मला एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावलीत. कर्नलच्या, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये (नोंदवहीत) ती ओळ सापडली: 'आऊट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' (मेमरी संपली, प्रोग्राम मारला), आणि पुढे क्लॅमडीचं नाव. आमचा सर्व्हर 2 जीबी रॅमचा. व्हायरस तपासणारं क्लॅमएव्ही (क्लॅमडी हा त्याचाच सतत चालू असणारा भाग) एकटंच 1 जीबीच्या वर मेमरी घेतं, आणि व्हायरसची नवी यादी चढवताना जुनीही धरून ठेवतं, म्हणजे दुप्पट. मेमरी संपली की लिनक्स सहसा सगळ्यात जास्त खाणाऱ्यालाच मारतं. तपासणारा मेला, त्यामुळे पोस्टफिक्सने, म्हणजे मेल घेऊन पुढे पोचवणाऱ्या प्रोग्रामने, घेतलेले मेल पुढे सरकेनात आणि रांगेत साचत गेले. पाच दिवस प्रयत्न करून पोस्टफिक्स मेल पाठवणाऱ्याकडे परत धाडतं. म्हणजे ती कथा पाच दिवस आमच्याच सर्व्हरवर होती!

रांगेने डिस्कही भरत आणली होती. 60 एमबी शिल्लक असताना दोन ओळींचा मेलसुद्धा 452 हा 'जागा नाही'चा आकडा देऊन का नाकारला जातोय, ते मला कळेना. तुम्ही विचारलंत, "मेलच्या आकाराची मर्यादा किती ठेवलीय?" स्कॅन आणि फोटो यावेत म्हणून मी ती 50 एमबी केली होती. त्याच्या दीडपट, म्हणजे 75 एमबी, मोकळी दिसल्याशिवाय पोस्टफिक्स कुठलाच मेल आत घेत नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तुम्ही त्यानंतर केलंत ते. दुरुस्तीला हात घालण्याआधी तुम्ही रांगेची मुदत पाच दिवसांवरून दहा करायला लावलीत. साडेचार दिवस अडकलेले कितीतरी लेख तेवढ्यामुळे परत जायचे वाचले. माझ्या डोक्यात ते कधीच आलं नसतं. मग जुने बॅकअप हलवले, 2 जीबी स्वॅप (मेमरी अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) दिला, नवी-जुनी यादी एकाच वेळी मेमरीत ठेवणं बंद केलं. मी रांग लगेच सोडायला निघालो होतो. क्लॅमडी उत्तर देईपर्यंत तुम्ही थांबवलंत. रात्री दोननंतर इनबॉक्समध्ये एकेक नाव उमटू लागलं, तेव्हा फोनवर आपण दोघंही गप्प होतो.

जे मेल 452 ने दारातून फिरले होते, तेही पुढच्या दिवसभरात आपोआप आले. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे 'नंतर या', असं तुम्ही सांगितलं होतंत, तसंच झालं.

परत गेलेल्या कथेसाठी मी लॉगची प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेलो. चष्मा लावून त्यांनी तारखा तपासल्या, नातवाला हाक मारली आणि कथा माझ्यासमोरच पुन्हा पाठवली. ती अंकात आहे. तुमच्या प्रतीवर त्यांना स्वतः सही करून द्यायची आहे. पत्ता तेवढा कळवा.

तुमचा ऋणी,
अंकाचा संपादन सहायक