‘ड्रॅकोनियन’ कशाला म्हणावे?

‘दंड की लूट?’ या रविवारच्या लेखात (वाचकांचा कौल) हेल्मेट नसल्याबद्दलच्या दंडाला ‘ड्रॅकोनियन’ (म्हणजे अतिशय कठोर, क्रूर) म्हटले आहे. दंड खिशाला जड जातो हे खरे, पण हे विशेषण तिथे शोभत नाही.

हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो ड्रॅको हा प्राचीन अथेन्सचा कायदेकर्ता. इ. स. पूर्व 621च्या सुमारास त्याने तिथले कायदे लेखी स्वरूपात आणले. भाजी किंवा फळे चोरणाऱ्यालाही त्यात देहान्त होता, असे प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. पुढे अथेन्सचाच नंतरचा कायदेकर्ता सोलोन याने मनुष्यवधाचे कायदे तेवढे ठेवले, बाकी सगळे रद्द केले. आणि जे ठेवले ते चांगले विचारी होते: हेतू नसताना हातून कुणी मेला तर शिक्षा हद्दपारीची, मृत्यूची नव्हे. (ड्रॅकोची ही बाजू सहसा कुणी सांगत नाही.) इ. स. पूर्व 409च्या सुमारास अथेन्सने हा कायदा पुन्हा दगडावर कोरून घेतला. तो शिलालेख आजही अथेन्सच्या संग्रहालयात आहे.

तेव्हा अपराध क्षुल्लक आणि शिक्षा भयंकर, किंवा बचावाची संधीच नाही, अशा ठिकाणी हे विशेषण वापरावे. 1919च्या रौलट कायद्यात खटल्याविना दोन वर्षांपर्यंत डांबता येत असे. त्याला ते चपखल बसते. उद्या तसा कायदा खरोखरच आला, तर त्याला विरोध करताना हा शब्द धारदार हवा. हेल्मेटच्या दंडासाठी ‘जाचक’ पुरेसे आहे.

– एक वाचक, पुणे