संगणक बदलण्याआधी जुन्या फॉण्टमधील मराठी वाचवावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ थांबवले. त्यानिमित्ताने जे काही वाचनात आले, त्यात विषाणूंचा धोका, बँकेच्या व्यवहारांची सुरक्षितता आणि नव्या संगणकाचा खर्च यांचीच चर्चा होती. ती आवश्यकच आहे. परंतु मराठवाड्यातील शाळा, ग्रंथालये, लहान छापखाने आणि हौशी प्रकाशक यांच्या संगणकांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जो मराठी मजकूर साठला आहे, त्याचे या बदलात काय होणार, हा प्रश्न कोणी मांडल्याचे दिसले नाही. मी अंबाजोगाईत अक्षरजुळणी आणि छपाईचा व्यवसाय करतो. विंडोज ९८ पासून आजपर्यंत ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याची वेळ जेव्हा जेव्हा आली, तेव्हा आमचा निर्णय किमतीने किंवा नव्या सोयींनी कधीच ठरला नाही. मराठी फॉण्ट चालतो की नाही, एवढ्या एका गोष्टीने तो ठरत आला. यावर सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी मूळ अडचण सांगतो. युनिकोड ही सर्व भाषांसाठीची समान संगणकीय अक्षरपद्धत रुळण्यापूर्वी जे मराठी फॉण्ट आले, त्यांत संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. संगणक इंग्रजी अक्षरांचे व चिन्हांचेच क्रमांक साठवतो आणि फॉण्ट त्या जागी देवनागरीचे आकार दाखवतो. शिवाय प्रत्येक कंपनीने हे आकार आपापल्या सोयीने बसवले होते, त्यामुळे एका पॅकेजमधील (फॉण्ट व टंकनाची सोय एकत्र देणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) मजकूर दुसऱ्या पॅकेजमध्ये वाचता येत नसे. फॉण्ट काढून घेतला की पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो विंडोज, लिनक्स (विंडोजला पर्याय असलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम), मोबाइल सगळीकडे सारखाच राहतो.

मग आम्ही त्याच वेळी युनिकोडकडे का वळलो नाही, असा प्रश्न नव्या पिढीतील ऑपरेटर विचारतात. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये युनिकोड मराठीची सोय होती, पण ती आपोआप सुरू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि विंडोजची मूळ सीडी घालावी लागे. तालुक्याच्या गावी जुळवून विकल्या जाणाऱ्या संगणकांसोबत ती सीडी ग्राहकाच्या हाती क्वचितच पडत असे. त्याहून मोठे कारण पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या सॉफ्टवेअरचे होते. आमचे सगळे काम पेजमेकरवर चाले, त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली आणि तिला युनिकोड कळत नव्हते. त्यामुळे एक्सपीच्या काळात लग्नपत्रिकेपासून कवितासंग्रहापर्यंत आणि मोंढ्यातील आडत दुकानाच्या पावतीपुस्तकापासून महाविद्यालयाच्या वार्षिकांकापर्यंत आम्ही जे जे जुळवले, ते सगळे जुन्या फॉण्टमध्ये आहे.

विंडोज ७ आले तेव्हा खरी कसोटी लागली. दुकानदार नव्या यंत्रावर ६४ बिटांची (एका वेळी अधिक माहिती हाताळणारी) आवृत्ती टाकून देत आणि वेगासाठी तीच योग्यही होती. आमच्या मराठी पॅकेजचा कीबोर्ड ड्रायव्हर, म्हणजे कळफलक चालवणारा छोटा प्रोग्राम, मात्र ३२ बिटांचा होता आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये तो चढेना. विकणाऱ्या कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा नवे पॅकेज पूर्ण किमतीने घ्या, एवढेच उत्तर मिळाले. जुन्या पॅकेजचे कुलूप म्हणून जे डोंगल मिळाले होते, ते प्रिंटरच्या समांतर पोर्टला लावण्याचे होते आणि नव्या मदरबोर्डावर तो पोर्ट राहिला नव्हता. म्हणून आम्ही जाणीवपूर्वक ३२ बिटांचे विंडोज ७ घेतले, चार जीबीपेक्षा जास्त रॅमचा फायदा सोडून दिला आणि एक जुने एक्सपीचे यंत्र समांतर पोर्टसाठी बाजूला ठेवले. आमच्याकडील बहुतेक डीटीपीवाल्यांनी, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्यांनी, त्या काळात हाच मार्ग धरला.

विंडोज ८ मध्ये स्टार्ट मेनू नाहीसा झाला आणि ऑपरेटर मंडळींनी ते स्वीकारले नाही, इतकेच त्याबद्दल सांगण्यासारखे आहे. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले आणि २९ जुलै २०१६ पर्यंत विंडोज ७ व ८.१ धारकांना ते मोफत मिळत होते. तो काळ इथल्या लोकांना वेगळा सांगावा लागणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, लग्ने साधेपणाने होत होती आणि छपाईची कामे आटली होती. अशा वेळी पैसे न देता मिळालेल्या नव्या विंडोजचा आम्हाला मोठा आधार वाटला. शिवाय विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती होती, म्हणून जुना ड्रायव्हर थोड्या खटपटीने तिथेही चालत राहिला.

आज परिस्थिती वेगळी आहे, आणि माझ्या मते या पत्रातील सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटांमध्ये येते. म्हणजे विंडोज १० संपले, याचा अर्थ ३२ बिटांच्या विंडोजची वाट कायमची संपली. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर ही विंडोज ११ ची अट सर्वांना माहीत झाली आहे. टीपीएमची सोय अनेक मदरबोर्डांवर असते, फक्त बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती बंद ठेवलेली असते, त्यामुळे यंत्र बाद ठरवण्याआधी तेवढे तपासावे. परंतु यंत्र या अटींत बसले तरी त्यावर जुने मराठी पॅकेज चालणार नाही. नवा संगणक घेणाऱ्या संस्था जुना सीपीयू अदलाबदलीत दुकानदाराला देऊन टाकतात, आणि त्या सीपीयूबरोबर संस्थेचा वीस वर्षांचा मराठी मजकूर उघडून दाखवणारे गावातले शेवटचे साधनही निघून जाते.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा सुवर्णमहोत्सव १९९८ साली झाला, तेव्हा आणि त्यानंतरच्या काही वर्षांत, अनेक स्वातंत्र्यसैनिकांनी आपल्या आठवणी स्वखर्चाने छापून घेतल्या. मोजक्या प्रतींची ही पुस्तके होती आणि ती नातेवाइकांत व ओळखीच्या मंडळींत वाटली गेली. २०२३ साली अमृतमहोत्सव आला, तेव्हा त्यांतील काही कुटुंबांना ती पुस्तके पुन्हा छापावीशी वाटली. लेखक हयात नव्हते. एका कुटुंबाने कपाटात जपलेली सीडी आणली. घरच्या संगणकावर त्यांनी ती उघडून पाहिली होती, तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या ओळी दिसल्या, आणि फाइल खराब झाली असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. फाइल खराब झालेली नव्हती. आमच्या जुन्या एक्सपीच्या यंत्रावर तोच फॉण्ट होता, म्हणून रझाकारांच्या काळातील त्या गावाची हकिगत पडद्यावर जशीच्या तशी उभी राहिली. कुटुंबातील वयस्कर बाईंनी वडिलांची वाक्ये वाचायला सुरुवात केली आणि आमच्या दुकानातील काम काही वेळ थांबले.

त्यानंतरचे काम मात्र किचकट होते आणि ज्यांना ते करायचे असेल त्यांनी त्याची कल्पना ठेवावी. जुन्या फॉण्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेणारे कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉण्टसाठी वेगळी जुळवणी लागते. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते त्या जागी, म्हणजे अक्षराच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे याच्या उलट असते. ही अदलाबदल कन्व्हर्टर करतो, परंतु जोडाक्षरांवर वेलांटी आली की चुकतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील ऱ हमखास बिघडतो, कारण तो हिंदीत लागत नाही आणि बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. म्हणून छापील प्रत समोर ठेवून ओळ न् ओळ प्रूफ तपासावे लागते. दुसऱ्या एका पुस्तकाचा फॉण्ट आमच्याकडे, लातूरला आणि परळीला कोणाकडेच सापडला नाही. ते पुस्तक पहिल्यापासून पुन्हा टंकावे लागले. त्याची छापील प्रत उपलब्ध होती, म्हणून निदान तेवढे तरी करता आले.

आता आमच्या दुकानात काय व्यवस्था आहे ते सांगतो, कारण व्यवसायबंधू सतत विचारतात. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या यंत्रांवर आम्ही जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली, रॅम आठ जीबी केली आणि लिनक्स मिंट २२ घातले. हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेले असून त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेन ड्राइव्हवरून ते आधी चालवून पाहता येते, हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. प्रिंटर आणि स्कॅनर चालतात की नाही हे त्याच वेळी कळते. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये एकच असल्यामुळे तो शिकलेल्या मुलींना टंकनासाठी काहीही नव्याने शिकावे लागले नाही. रेमिंग्टन या जुन्या टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर परीक्षा दिलेल्यांना मात्र सवय बदलणे जड जाते, हे मान्य केले पाहिजे. लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जुन्या पेजमेकरच्या आणि कोरलड्रॉ या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरच्या फाइली उघडण्याची सोय आहे. पानाची मांडणी विस्कटते, परंतु मजकूर हाती लागतो आणि रूपांतरासाठी तेवढा पुरेसा असतो. अडोबी कंपनीचे पानमांडणीचे इनडिझाइन हे सॉफ्टवेअर सीएस६ या आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या फाइली उघडत असे, पुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एक यंत्र विंडोज ११ चे ठेवले आहे, कारण काही ग्राहकांच्या फाइली आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर त्याशिवाय चालत नाही. सर्वांनी विंडोज सोडावे असे माझे म्हणणे नाही.

जुने एक्सपीचे यंत्रही आम्ही मोडीत काढलेले नाही. त्याला इंटरनेटची तार लावत नाही, इतकेच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा पाठबळ संपून तीन वर्षे झालेल्या एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली होती. अशी यंत्रे जाळ्यावर ठेवणे किती धोक्याचे आहे, ते त्या प्रसंगावरून कळते. ग्राहकाचा पेन ड्राइव्हही आम्ही त्या यंत्राला थेट लावत नाही. आधी तो लिनक्सवर उघडतो, कारण आपल्याकडे सर्वत्र पसरलेला शॉर्टकटचा विषाणू तिथे नुसती एक निरुपद्रवी फाइल म्हणून दिसतो आणि पुसून टाकता येतो.

या अनुभवावरून काही मागण्या करतो. शाळा, महाविद्यालये आणि ग्रंथालयांनी संगणक खरेदीचा ठराव करताना जुन्या मराठी मजकुराच्या रूपांतराचा खर्च त्याच ठरावात धरावा; नंतर त्यासाठी वेगळा निधी मिळत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे. राज्य शासनाने युनिकोड वापरण्याचे आदेश दिलेले आहेत, तरीही आजही स्मरणिका व अहवालांचा मजकूर जुन्या फॉण्टमध्ये मागितला जातो आणि तसाच स्वीकारला जातो. छपाईच्या निविदेत युनिकोड मजकूर संस्थेच्या स्वाधीन करण्याची अट घातली, तर हे दोन वर्षांत थांबेल. ज्या कंपन्यांनी आपली जुनी मराठी पॅकेजे केव्हाच विकणे बंद केले आहे, त्यांनी त्या फॉण्टांचे अक्षरतक्ते सर्वांसाठी खुले करावेत. त्यातून त्यांचे उत्पन्न बुडणार नाही, आणि एकेक कन्व्हर्टर अंदाजाने जुळवत बसण्याची वेळ कोणावर येणार नाही. जिल्हा ग्रंथालयांनी आपल्या जिल्ह्यातील डीटीपी व्यावसायिकांना बोलावून, कोणाकडे कोणते जुने फॉण्ट आणि कोणती चालू यंत्रे शिल्लक आहेत, याची नोंद एकदा करावी. आमच्यातील बरेच जण साठीच्या आसपास आले आहेत आणि त्यांची मुले या व्यवसायात नाहीत.

वैयक्तिक वापरकर्त्यांना विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, संस्थांना सशुल्क योजनेत त्याहून पुढे. या मुदतीचा उपयोग नुसती खरेदी पुढे ढकलण्यासाठी होऊ नये. ज्यांना घाईच आहे, त्यांनी सीपीयू दुकानदाराच्या हवाली करण्यापूर्वी, किंवा विंडोज पुन्हा टाकण्यासाठी फॉरमॅट मारण्यापूर्वी, विंडोजमधील फॉण्ट्सचे पूर्ण फोल्डर, पेजमेकरच्या पी६५ व पीएमडी फाइली आणि कोरलड्रॉच्या सीडीआर फाइली दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात, आणि फॉण्ट आत बसवलेली पीडीएफ प्रतही त्यांच्यासोबत काढून ठेवावी. मजकुराचे रूपांतर नंतर करता येईल. फॉण्ट हरवला तर ते करता येणार नाही.

कळावे.
आपला विश्वासू,
एक डीटीपी व्यावसायिक,
अंबाजोगाई, जि. बीड